चारशे बारा कोयते

समजा, तुमच्या हातात एक पिशवी दिली. पिशवीत गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आहेत, निरोधचे डबे आहेत आणि दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनच्या बाटल्या आहेत. काम एवढंच, की हे सगळं चारशे बारा जोडप्यांपर्यंत पोचवायचं. आता त्यांचे पत्ते बघा. अमक्याच्या उसाचा पूर्वेकडचा बांध. तमक्याच्या विहिरीमागची साडेतीन एकरं. उद्या हे पत्ते बदलतील आणि परवा पुन्हा बदलतील. घरं म्हणाल तर कॅनॉलच्या कडेला पाचटाच्या कोप्या आहेत, पण त्या पहाटे साडेचारला रिकाम्या होतात आणि भरतात अंधार पडल्यावर. दुपारी बाराला गेलात तर तुम्हाला आठ कोंबड्या भेटतील, एक बांधलेली शेळी भेटेल आणि चार पोरं सांभाळत बसलेली एखादी म्हातारी भेटेल. ती म्हणेल, "समदी उसात गेली. कुठल्या उसात ते काय म्हाईत न्हाई बाई."

कसं पोचवाल?

देवळाली प्रवराच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात धनश्री मॅडम औषधांचं भांडार सांभाळतात. वय सव्वीस, नोकरीचं दुसरं वर्ष. त्या डिसेंबरात तीन वेळा अशा कोंबड्यांना भेटून परत आल्या. चौथ्या वेळी त्याच म्हातारीला त्यांची दया आली. ती म्हणाली, "भाच्याला विचारा की. त्याला टोळीन् टोळी ठाव असती."

भाचा म्हणजे गहिनीनाथ. साखर कारखान्याचा चिटबॉय. नावात बॉय असला तरी वय बावन्न आणि मिशा पांढऱ्या. कारखाना आणि ऊस यांच्या मधल्या जागेत चिटबॉय उभा असतो. कुणाचा ऊस कधी तुटणार हे लागणीच्या तारखेवरून ठरतं. रोज संध्याकाळी सहाला गट ऑफिसात उद्याची यादी पक्की होते. मग गहिनीनाथ मोटारसायकलला किक मारतो, शेतकऱ्याच्या हातात तोडीची स्लिप देतो, स्थळप्रतीवर सही घेतो आणि टोळीच्या मुकादमाला उद्याचं रान सांगतो. चोवीस वर्षं हेच काम. गटात चार चिटबॉय आहेत, पण बाकी तिघांच्या टोळ्याही याला पाठ.

भाचा हे नाव कसं पडलं त्याचीही गंमत आहे. त्याची आई पाथर्डीकडची. लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं म्हणून तिनं नाथांना नवस बोलला आणि मुलाला त्यांचंच नाव ठेवलं. वडिलांकडं सहा एकर बागायत, आणि मामाकडची अर्धी भावकी दर दिवाळीनंतर कोयता घेऊन याच पट्ट्यात ऊस तोडायला यायची. गहिनीनाथ चिटबॉय झाला त्या वर्षी मुकादम आसाराम त्याला पहिल्यांदा भेटला. त्यानं गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं आणि म्हणाला, "म्हंजे तुमी आमचे भाचे झाले. आता आमाला चांगलं रान द्यायचं, पानी जवळ असल्यालं." तेव्हापासून पाथर्डी-शेवगावच्या सगळ्या टोळ्यांचा तो भाचा. रान मात्र ज्याचं आलं त्याचंच मिळालं.

कारण यादीच्या बाबतीत गहिनीनाथ भलताच कडक. सहाच्या आत यादीतला एक गट नंबरही तो कुणाला सांगत नसे. त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ छगन याचा ऊस तुरा येईपर्यंत उभा राहिला, तरी नाही. त्या वर्षीपासून छगन दिवाळीच्या पंगतीत दाजींकडं पाठ करून जेवतो. बाकी सगळं ठीक आहे.

तर डिसेंबरातल्या एका मंगळवारी धनश्री मॅडम गट ऑफिसात आल्या. आत पंधरा-वीस शेतकरी उभे होते.

"मला उद्याची यादी हवी होती," त्या म्हणाल्या.

"लायनीत या ताई," एक जण म्हणाला. "आमी काय इथं शेकोटीला उभे नाही."

"तुमचा ऊस कुठं आहे? लागण का खोडवा?" गहिनीनाथनं मान वर न करता विचारलं.

"माझा ऊस नाही. मला टोळ्यांना निरोध वाटायचेत."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज. गहिनीनाथनं पेन्सिलीचं टोक अशा बारकाईनं बघायला घेतलं, जणू त्यावर काही लिहिलेलं आहे. मग मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "गहिनीनाथा, बाईंचा नंबर आधी घे बाबा. आमचा ऊस थांबंल, त्यांचं काम थांबायचं न्हाई." आणि सगळं ऑफिस हसत सुटलं. धनश्री मॅडमही हसल्या. हसला नाही तो एकटा गहिनीनाथ. त्याचे कान लाल झाले होते.

बाहेर येऊन तो त्यांना म्हणाला, "मॅडम, यादी सहाच्या आत बाहेर जात नाही. नियम आहे. आणि ते दुसरं काम माझ्याच्यानं होणार नाही. माझ्या नातीचं लग्न व्हायचंय अजून."

"तुमची नात केवढी आहे?"

"दोन वर्षांची."

दोन दिवसांनी तो आसारामच्या टोळीच्या फडावर गेला. न्याहारीची वेळ होती. ज्या म्हातारीनं त्याचं नाव सांगितलं होतं ती कडूबाई, त्या दिवशी पोरांना घेऊन फडातच आली होती. तिची सून मोनिका बांधावर भाकरी खात बसलेली. मोनिका तेवीस वर्षांची, दहावी झालेली. तिचा नवरा करण पलीकडं मोळ्या बांधत होता.

"भाचे, जरा हिच्या कार्डाचं बघा," कडूबाई म्हणाली. "ती लाजती. मी काय लाजत न्हाई, माझे दात पडल्यात."

मोनिकानं पदराआडून एक पिवळं कार्ड काढलं. गावाकडच्या आरोग्य केंद्राचं. त्यावर अंतराच्या, म्हणजे त्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनच्या, दोन तारखा होत्या. तिसरी डिसेंबरच्या चौदाला होती.

"भाऊ, ती तारीख झाली की चार आठवडे चालतं," मोनिका खाली बघत म्हणाली. "अकरा जानेवारीपर्यंत. मग चालत न्हाई. मग पहिल्यापासून करावं लागतं, आणि मधी..."

पुढचं कडूबाईनं सांगितलं. दोन हंगामांपूर्वी इथंच गोळ्या संपल्या होत्या. विचारायला जायचं कुठं, आणि जायचं कधी? पोटात पोर असताना मोनिका हंगाम संपेपर्यंत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती. पोरगी झाली ती दीड किलोची. जगली. आता सव्वा वर्षाची झाली आणि बांधावर बसून पाचटाशी भांडत होती. डॉक्टरांनी तीन वर्षांचं अंतर सांगितलं होतं.

"मला फळीवर तसं परत चढायचं न्हाई," मोनिका म्हणाली. एवढंच.

गहिनीनाथनं तारीख आपल्या स्लिपबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली. अकरा जानेवारी. परत जाताना त्याला भिमाजी आठवला. भिमाजी कारखान्यावर ट्रक चालवायचा, गहिनीनाथचा दोस्त. वीस वर्षांपूर्वी तो वाळत वाळत गेला. कशानं गेला ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नव्हतं. दवाखान्यात भेटायला गेल्यावर गहिनीनाथनंही हवापाण्याच्या आणि उसाच्याच गप्पा मारल्या होत्या. एचआयव्ही हा शब्द त्यानं तेव्हाही उच्चारला नाही आणि नंतरही नाही. निरोधचं एक पाकीट त्या वेळी कुणी भिमाजीच्या केबिनमध्ये ठेवलं असतं तर? ठेवणार कोण, सगळ्यांचेच कान लाल.

त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी धनश्री मॅडमच्या मोबाईलवर एक फोटो आला. उद्याची यादी. खाली लिहिलं होतं: "सहा वाजले. शेतकऱ्यांना दिली त्याच वेळेला तुम्हाला. न्याहारी नऊला. गहिनीनाथ."

नियम मोडला नव्हता. दोन मिनिटांनी पाळलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला केंद्रातल्या पूजा सिस्टर आणि धनश्री मॅडम एका स्कूटरवर बरोबर यादीतल्या पहिल्या बांधावर हजर. चार दिवसांत त्यांनी सात टोळ्या गाठल्या. एचआयव्हीची तपासणी तिथंच, बोटाला टोचून. गोळ्या तिथंच. अडलं ते निरोधवर. बायांच्या घोळक्यात दोन मॅडम आल्या की गडी उसात गडप व्हायचे.

"ते गड्यांपाशी तुम्हीच द्यायला पाहिजेत," धनश्री मॅडम म्हणाल्या.

गहिनीनाथनं बराच वेळ मोटारसायकलचा आरसा पुसला. मग म्हणाला, "द्या."

आणि इथं त्यानं ती चूक केली, जी फक्त चिटबॉयच करू शकतो. चोवीस वर्षांत त्यानं कुणाला सहीशिवाय कागदाचा कपटाही दिलेला नव्हता. त्यानं जुन्या स्लिपबुकात रकाने आखले. टोळीचा नंबर, नाव, पाकिटं किती, सही किंवा अंगठा. आणि फडावर जाऊन, मान खाली घालून, एकेकाचं नाव पुकारलं.

"करण, मोनिकाचा नवरा. पाकिटं दोन. इथं सही कर."

करणनं त्याच्याकडं बघितलं, मग मोळीकडं बघितलं, आणि मोळी उचलून निघून गेला. दुसऱ्याला अचानक कोयत्याची धार बघायची आठवण झाली. तिसरा म्हणाला, "भाऊ, मला लिवता येत न्हाई." अंगठ्याची शाई पुढं केल्यावर म्हणाला, "अंगठ्याला लागलंय." तीन दिवस, सात टोळ्या. गेलेली पाकिटं शून्य.

चौथ्या दिवशी घरी पुष्पावतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, धुवायला म्हणून पिशवी रिकामी केली. तीन डबे निघाले. तिनं ते ओट्यावर ओळीनं मांडून ठेवले आणि तो हातपाय धुऊन आत आल्यावर चहाचा कप पुढं करत शांतपणे विचारलं, "नात झाल्यावर आता काय सुचलं?"

गहिनीनाथ चहा न घेताच सगळं सांगून मोकळा झाला. सहीचं पण सांगितलं. पुष्पावती ऐकत ऐकत खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, सही?" ती म्हणाली. "तुम्ही तरी सही करून घेतले असते का?"

"मग हिशेब कसा लागायचा? मॅडमला सांगायचं काय, किती लागले?"

"मी पीठ किती संपलं हे कुणाची सही घेऊन बघते का? डबा बघते."

दुसऱ्या दिवशी कडूबाईनंही तेच तोंडावर सुनावलं. "भाचे, असल्या गोष्टीला कुनी अंगठा देतं व्हय? तुमी ते कुठंतरी ठिवा आन् तोंड फिरवा."

कुठं ठेवायचं, तेही तिनंच सांगितलं. कोप्यांच्या एका अंगाला धार लावायचा दगड असतो. पहाटे उठल्यावर प्रत्येक गडी तिथं एकटा जातो, कोयत्यावर पाणी मारतो, धार लावतो. अंधार असतो. कुणी कुणाचं तोंड बघत नाही. त्या दगडाजवळच्या बाभळीला एक कापडी पिशवी टांगायची.

गहिनीनाथनं पिशवीत मोजून पन्नास पाकिटं टाकली. तिसऱ्या दिवशी पिशवीत हात घातला तर अकरा उरली होती. त्याला इतका आनंद झाला की त्यानं तिथूनच फोन लावला आणि भर फडात, बाया-बापड्यांसमोर मोठ्यानं बोलला, "मॅडम, एकोणचाळीस निरोध गेले!" मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. पण कान लाल झाल्याचं त्याला जाणवलं नाही. मुकादम आसाराम मात्र म्हणाला, "भाचे, आता कारखान्याच्या भोंग्यावरच सांगा की."

तेव्हापासून घेतले कुणी ते लिहायचं बंद झालं. उरले किती तेवढं रोज संध्याकाळी यादीच्या फोटोखाली यायला लागलं. पंधराच्या खाली आले की धनश्री मॅडम दुसऱ्याच दिवशी भर पाठवायच्या. पिशवी पूर्ण रिकामी होण्याची वाट बघायची नाही, कारण वाट बघण्याचे जे दोन दिवस, तेच धोक्याचे.

पण यामुळं नवीनच पंचाईत झाली. वाटप सुरळीत झालं आणि भांडार आटायला लागलं. केंद्राला औषध मिळतं ते केंद्राच्या गावांपुरतं. कारखाना सुरू झाला की तिथं हजारभर माणूस वाढतो, पण ते कागदावर नसतं. डिसेंबरच्या शेवटाला गोळ्याही संपत आल्या; अंतराच्या मोजक्या बाटल्या तर पहिल्या टोळ्यांतच, मोनिकाची टोळी गाठायच्या आधी संपल्या होत्या. धनश्री मॅडमनी नगरच्या जिल्हा भांडाराकडं जादा मागणी पाठवली. उत्तर आलं, पात्र जोडप्यांची नावनिशीवार यादी जोडा.

"मी रोज दोन तास फिरते," त्या गहिनीनाथला म्हणाल्या. तो केंद्रावर निरोध न्यायला आला होता. "आत्तापर्यंत साठ जोडप्यांची नावं मिळाली. सगळी व्हायला फेब्रुवारी उजाडेल. आणि तुमच्या मोनिकाची तारीख अकरा."

"कसली यादी म्हणता?"

"नवरा-बायकोच्या जोड्या. नावं, वय, गाव."

गहिनीनाथला वाटलं, मॅडम चेष्टा करतायत.

"अहो, कारखाना माणसं मोजतच नाही," तो म्हणाला. "कारखाना कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे एक जोडपं. मुकादमाचा करार होतो तेव्हाच सगळी नावं लिहून घेतात. नवऱ्याचं, बायकोचं, वय, गाव, तालुका. माझ्या सात टोळ्या, बाकीच्या तिघांच्या एकोणीस. सव्वीस टोळ्या. दिवाळीपासून कपाटात पडलंय सगळं."

धनश्री मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तुम्ही जोडपी म्हणत होतात. कोयते म्हणाला असतात तर पहिल्याच दिवशी दिले असते."

यादी एका दुपारात उतरून झाली. चारशे बारा. गट ऑफिसच्या साहेबांनी सही-शिक्का दिला. यादी कशाला पाहिजे हे त्यांनी विचारलं, गहिनीनाथनं न अडखळता, निरोध आणि अंतरा ही दोन्ही नावं घेऊन सांगितलं आणि साहेबच जरा खोकले.

आठ जानेवारीला नगरहून गाडी आली. अंतराच्या बाटल्या, गोळ्या, तपासणीच्या पट्ट्या, सगळं चारशे बाराच्या हिशेबानं. धनश्री मॅडमनी खोक्यांचा फोटो पाठवला. त्या दिवशी सहा वाजताची यादी करताना गहिनीनाथनं आसारामच्या टोळीसमोरचा रकाना बघितला आणि त्याचा हात थांबला. टोळीचं इथलं रान संपलं होतं. उद्या पहाटे कोप्या मोडून ती नदीपलीकडं, बेलापूरच्या बाजूला जाणार होती. दुसरा गट, दुसरा चिटबॉय. तिथं गेल्यावर कोण कुठं उतरतं हे दोन-चार दिवस कुणालाच धड सांगता येत नाही. आणि उद्या नऊ तारीख.

त्यानं फोन केला. पूजा सिस्टर दोन दिवसांच्या शिबिरासाठी दुसऱ्या गावी गेल्या होत्या, दहाला सकाळी मोकळ्या होणार होत्या.

"टोळी दोन दिवस इथंच थांबवता येणार नाही का?" धनश्री मॅडमनी विचारलं.

येत होती. अगदी सहज. आसारामच्या कोप्यांना लागूनच छगनचा ऊस उभा होता. चार एकर, दोन दिवसांचं काम. छगनच्या नावानं एक स्लिप फाडली की टोळी थांबली, मोनिकाची तारीख साधली, वर दिवाळीच्या पंगतीत मेव्हण्याचं तोंडही दिसलं असतं. गहिनीनाथनं पेन स्लिपवर टेकवलं. पण बेलापूरकडच्या ज्या माणसाचा नंबर होता तो दीड महिना थांबला होता. त्याचं नाव गहिनीनाथला माहीत नव्हतं, आणि नाव माहीत नसलेल्या माणसाचा नंबर मारणं हेच त्याला सगळ्यात वाईट वाटत आलं होतं.

"टोळी थांबणार नाही," तो म्हणाला. "पण टोळी जाते कुठं ते मी बघतो. दहाला सिस्टरना तयार ठेवा."

नऊ तारखेला पहाटे टोळीचे ट्रॅक्टर निघाले. ट्रॉलीत पाचट, बांबू, भांडी, कोंबड्या, वर पोरं. आणि मागून, चोवीस वर्षांत पहिल्यांदा रजेचा अर्ज दिलेला गहिनीनाथ मोटारसायकलवर. आसारामनं ट्रॉलीतून मागं बघितलं.

"भाचे, तुमी बी चालले का कोयता घिऊन?"

"मामाच्या गावाला चाललोय."

टोळी आधी एका रस्त्यावर थांबली, तिथून तिला कॅनॉलवर पाठवलं, कॅनॉलवरून पुन्हा मागं. दुपारी तीनला ती एका पडीक रानात उतरली. गहिनीनाथनं जागेचा नकाशा मोबाईलवर पाठवला. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. त्यानं खाली लिहिलं: "बेलापूरच्या पाटीपासून डावीकडे, बंद पडलेली पिठाची गिरणी, तिथून दुसरा बांध." मग नव्या गटाच्या चिटबॉयला गाठलं. तो तिशीतला, घाईतला माणूस. गहिनीनाथनं त्याला चहा पाजला, धार लावायच्या दगडाचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं, सही न घेण्याचं तर दोनदा सांगितलं.

"सहा वाजता यादी झाली की फोटो टाकायचा," तो म्हणाला. "आणि उरले किती ते."

"उरले काय?"

"निरोध," गहिनीनाथ म्हणाला आणि साखर ढवळत राहिला.

दहा तारखेला सकाळी नऊला धनश्री मॅडमची स्कूटर पिठाच्या गिरणीवरून वळली. मागं पूजा सिस्टर, मांडीवर खोकं. बांधावर बायांनी चार साड्या धरून आडोसा केला होता. एकट्या मोनिकासाठी नव्हे. टोळीतल्या आणखी सहा जणी रांगेत उभ्या होत्या, माहिती विचारायला आणि आपल्याला चालेल का ते बघायला. पहिला डोस डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा त्यांची नावं लिहून घेतली. मोनिकाचं कार्ड पूजा सिस्टरनी उघडलं, तारीख बघितली आणि म्हणाल्या, "बसलीस हो काठावर."

आडोशाच्या आतून कडूबाईचा आवाज आला, "सुई बघू नगं, भाच्याच्या मिशा बघ." बाया हसल्या, आडोसा हलला, आणि मोनिका दंड चोळत बाहेर आली. कार्डावरची नवी तारीख तिनं दोनदा वाचली, कार्ड घडी घालून ठेवलं आणि कोयता उचलून उसाकडं निघाली. दोन पावलांवर थांबून वळली.

"भाऊ, रजा घेतली म्हनं तुमी?"

"हो. एक दिवसाची."

"मग आज दोन दिस झाले की," ती हसत म्हणाली, आणि गहिनीनाथनं कपाळाला हात लावला.

आता सगळं सुरळीत चाललंय. बेलापूरकडूनही सहाला फोटो येतो. गहिनीनाथ आठवड्यातून एकदा पिशवी भरायला केंद्रावर जातो, तेव्हा धनश्री मॅडम समोरच्या कॉम्प्युटरवर साठा भरत असतात. परवा त्यानं खुर्ची ओढली आणि विचारलं, हे मशीन पुढच्या वेळचा आकडा ठरवतं कसं?

"गेल्या काही महिन्यांत किती लागलं, त्याची सरासरी," त्या म्हणाल्या. "जेवढं खपलं तेवढं पुढं येतं."

"पाथर्डीकडच्या केंद्रांत पण असंच?"

"सगळीकडे असंच."

गहिनीनाथनं बोटांवर महिने मोजले. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत.

"मॅडम, मोनिकाची पुढची तारीख दहा एप्रिल. तोवर कारखाना बंद झालेला असेल, सगळ्या टोळ्या गावी. पण हिवाळाभर तिचं गाव रिकामं होतं. तिथं कुणी काही घेतलंच नाही. मशीनला वाटणार, या गावाला काही लागत नाही."

धनश्री मॅडमनी कीबोर्ड बाजूला सारला.

"तर मला एवढंच सांगा," गहिनीनाथ म्हणाला. "रिकाम्या गावाची सरासरी काढून ठेवलेलं औषध एप्रिलमध्ये भरल्या गावाला पुरणार कसं?"